वोद्निचका आणि आईचे कान

प्रिय झेनेक,

‘प्रिय’ लिहिताना हात आखडतोय, पण सख्ख्या भावाला दुसरं काय लिहिणार! तू पाठवलेलं सॉसेज पोचलं. कुत्र्याला घातलं.

शहरातून यंत्र आणलंस आणि नदीकाठचं गवत जूनमध्येच कापून मोकळा झालास. ऑगस्ट अर्धा सरल्याशिवाय तिथं कुणी विळा लावत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वर फुशारकी मारलीस, "अगं लोनिया, वोद्निचका गात होती तो कोपरा राखला की मी!" अरे शहाण्या, त्या पाखरांत गातो तो नर. डोक्यावर पिवळा पट्टा मिरवत झुडपावर बसून गळा काढणार. ना घरटं बांधणार, ना पिलांच्या चोचीत एक माशी घालणार. सगळं ती एकटी करते, तिकडे लांब, गवताच्या बुडाशी. तू गवयाचा कोपरा राखलास आणि लेकुरवाळीवरून यंत्र फिरवलंस. दुसऱ्या दिवशी मी गेले होते. एका घरट्यातली सगळी पिलं माझ्या एका मुठीत मावली. पिसंही फुटली नव्हती रे त्यांना. संतापानं रडले मी.

मग तो नरही गेला. संध्याकाळी आई खिडकीशी बसते, तुला माहीतच आहे. तिनं विचारलं, "आज वोद्निचका गप्प का गं?" तू फोनवर बजावलं होतंस, आईला कळू देऊ नकोस, तिला सोसायचं नाही. म्हणून मी म्हटलं, "गातेय की, आई." ती म्हणाली, "बारीक आवाज आधी जातात म्हणे. गेले माझे कान."

रविवारी गावच्या क्रुसापाशी बायका प्रार्थनेला जमतात, तिथलं गाणं आजवर तिनंच उचललं. परवा तिनं शेजारच्या पेलागियाबाईला सांगून टाकलं, "आता तू उचल बाई. बहिरीनं सूर लावला तर देवच कान झाकायचा." सगळ्या हसल्या, तीही हसली. घरी येऊन शाल न काढता बसून राहिली. त्या दिवसापासून घरात गुणगुणतसुद्धा नाही.

म्हणून हे पत्र. मी तिला सांगणार नाही. केलंस तू, सांगायचंही तूच. येत्या रविवारी प्रार्थनेच्या आधी ये, तिच्याजवळ बस आणि गवताचं सगळं सांग. आणि मोठ्यानं बोलू नकोस. तिला नीट ऐकू येतं.

अजून तरी तुझीच बहीण,
लोनिया