चालवणाऱ्याची सीट

बुधवार, ९ एप्रिल

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तुमच्या दादांच्या पाठीचे टाके निघाले. सकाळी फाटकापर्यंत चालतात आणि परत येऊन शेजाऱ्यांनी कुंपण कसं वाकडं घातलंय ते सांगतात, म्हणजे बरे होताहेत असं समजायचं. जाऊबाईंचा खोकला थांबला का? औषध संपेपर्यंत घ्यायला सांगा. मध्येच सोडायची त्यांची सवय मला माहीत आहे.

आता कामाचं. रविवारी तुम्ही पिकअपसाठी गिऱ्हाईक पाठवणार आहात. पाठवू नका. गाडी विकायची नाही.

रागावण्याआधी पुढचं वाचा. डॉक्टरांनी दादांना स्टिअरिंगला हात लावू नका म्हणून बजावलं, तेव्हा तुम्ही गाडी विकायचं सुचवलंत ते बरोबरच होतं. पोल्ट्रीत अंडी रोज निघतात, दुकानदार थांबत नाहीत, आणि पगारी ड्रायव्हर आठवडाभरात पळाला. जाताना म्हणाला, या सीटपेक्षा अंड्यांच्या ट्रेवर बसेन. मला तो उद्धट वाटला. मग मी स्वतः बसून पाहिलं आणि मनातल्या मनात त्याला माफ केलं.

सीटला दादांच्या आकाराचा खड्डा पडला होता. त्यात त्यांनी वर्षानुवर्षं भर घातलेली: उशी, उशीवर चादरीची घडी, तिच्यावर मण्यांचं कव्हर. त्या ढिगावर बसलं की डोकं छताला, पाय अधांतरी आणि कंबर मात्र खड्ड्यातच. शेवटच्या दुकानापर्यंत मांड्यांना मुंग्या यायच्या. चालवणाऱ्याच्या, म्हणजे.

सीटवाल्याने वर आणखी मऊ फोम चढवून दिला. दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. तक्रार घेऊन गेले तर म्हणतो, "ताई, तुम्हाला घरच्या सोफ्याची सवय. गाडीत एवढं चालायचंच." मी वाद घातला नाही. किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, खाणीच्या रस्त्याने जाऊन येऊ, चालवा तुम्ही. जाताना त्याचं तोंड चालू होतं. येताना गप्प. उतरला तो कमरेवर हात ठेवून, आणि थेट सीट काढून उलटी केली. फोमखालचे पट्टे एका बाजूने तुटून लोंबत होते. इतकी वर्षं आम्ही नुसती वरून भर घालत होतो.

त्याने नवे पट्टे ताणून बसवले, वर कडक फोम, त्यावर मऊ फोमचा पातळ थर, कमरेमागे थोडा उंचवटा. सीट चार बोटं पुढे सरकवली, कारण क्लचपर्यंत पाय पोचत नव्हता. तुमचे दादा केवढे उंच आहेत हे तुम्ही जाणता, तेव्हा पाय कोणाचा हे लपवण्यात आता अर्थ नाही. गाडी मी चालवते, भाऊजी. फोनवर तुम्ही विचारलंत, ड्रायव्हर मिळाला का, आणि मी 'मिळाला' म्हटलं, ते खोटं नव्हतं. कॉलेजात असताना वडिलांच्या जीपवर शिकले होते. लायसन्सची मुदत कधी संपू दिली नाही. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.

दादांना हे रुचलं नव्हतं. मी किल्ली उचलली की भिंतीकडे तोंड करून पडायचे. गाडी विकली काय किंवा मी चालवली काय, आपली जागा गेलीच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. विकायला 'हो' म्हणाले ते त्यातूनच.

काल डॉक्टरांना विचारून मी त्यांना शेजारी बसवलं आणि पूर्ण फेरी मारली. वाटभर ते पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. मी मात्र इतकी आरामात बसले होते की खडीवरसुद्धा ब्रेक हळूच लागत होता. एकही अंडं फुटलं नाही. दुकानदार त्यांना बघून बाहेर आले, जुन्या उधारीवरून थट्टा झाली, आणि महिनाभर न ऐकलेलं हसू मी ऐकलं.

घरी आल्यावर ते उतरेनात. म्हणाले, "गिअर तू उशिरा बदलतेस." मी म्हटलं, बरं. मग बसल्या सीटवर हात आपटून म्हणाले, "आणि हिचे पट्टे कधी बदलणार? रोज यायचं तर मी असल्या सीटवर बसणार नाही."

आत्ता गाडी सीटवाल्याकडेच आहे. दादा समोर उभे राहून करून घेताहेत. त्या माणसाची मला दया येते.

रविवारी तुम्ही आणि जाऊबाई जरूर या. पण दुपारनंतर. सकाळी आम्ही दोघंही घरी नसतो.

तुमची,
वहिनी