खुर्ची म्हणायची होती

तीर्थरूप आईला नमस्कार.

फोन सोडून पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोनवर शब्द अडकतात आणि तू लगेच ओळखतेस, म्हणून लिहितेय.

माझ्या मेंदूत, बोलण्याच्या जागेजवळ, लहानशी गाठ आहे. पत्र मिळेल तोवर ती काढलेली असेल. डॉक्टरीणबाई हुशार आहेत. जेवणही बरं आहे. तू गुडघ्याला तेल लावतेस ना?

काल डोक्यावर तारांची टोपी घातली, मेंदूतली हालचाल पडद्यावर रेघांनी दाखवणारी. मशीनवरचे काका म्हणाले, "आधी 'खुर्ची' मोठ्याने म्हणा, मग ओठ मिटून मनात." मोठ्याने म्हणताना जीभ अडली. मनात म्हणायची वेळ आली तेव्हा मी घाबरून तुलाच हाक मारली. पडद्यावरच्या रेघा थरथरल्या. काका हसले, "ताई, खुर्चीला एवढं कोण घाबरतं?"

ऑपरेशनच्या वेळी जागं ठेवून बोलायला लावणार आहेत. मी पाढे म्हणणार आहे. एकोणतीसच्या पाढ्याला अडखळले तर तो गाठीचा दोष नाही, हे त्यांना सांगून ठेवलंय.

नंतर तुला फोन लावायला नर्सला आधीच सांगून ठेवेन. पलीकडून काहीच ऐकू आलं नाही, तरी ठेवू नकोस. मी हाक मारत असेन. रेघ हलते, मी पाहिलीय.

तुझी धाकटी