नारळाचे पाणी लागलेली काळी डबी

मी, कडूबाई आश्रुबा गडदे, वय चोवीस, राहणार झरी, तालुका परभणी, आज पूर्ण शुद्धीत असून कोणाच्याही दडपणाखाली हे लिहीत नाही. दिवाळीत केलेल्या मृत्युपत्रात एक चूक राहिली, ती आधी दुरुस्त करते. इलेक्ट्रिक गिटारचा सूर फाटका, घोगरा करणाऱ्या आमच्या पायडबीला हैदराबादेहून गिऱ्हाईक येते, ते माझ्या मयत वडिलांनी जुन्या रेडिओतून काढलेल्या ट्रान्झिस्टरमुळे, असे मी लिहिले होते. ते पुरते खरे नाही. तसले ट्रान्झिस्टर आता मिळत नाहीत आणि एकाच नंबरचे दोन सारखे निघत नाहीत, म्हणून आमच्या सगळ्याच डब्यांना मागणी होती. पण लोक परत परत विचारतात ती एकच काळी डबी. ती मी बनवलेली, माझ्या मालकीची असून गिटार वाजवणाऱ्या भुजंगकडे असते.

खंडेनवमीला माझी आई भिवराबाई हत्यारांची पूजा करते. एका वर्षी ही डबी उघडीच होती, आणि नारळाचे पाणी तिच्यात गेले. मी रडकुंडीला आले तर आई म्हणाली, "देवाच्या पान्यानं कुटं बिघडत असतंय का?" पाणी वाळले, तेव्हापासून डबीतला सूर दम लागल्यासारखा तुटत तुटत येतो. भुजंग जयंतीच्या कार्यक्रमात वाजवून आला आणि म्हणाला, "ताई, हिला नीट करू नको. लय गोड बिघडलीय."

माझा भाऊ रायभान याने मग उरलेल्या सगळ्या डब्यांवर नारळ फोडले. सगळ्या मुक्या झाल्या. नारळातच खोट हाय म्हणून तो दुसरा आणायला निघाला होता.

घरात माझा हिस्सा मागत नाही. पोस्टातली शिल्लक आईला. वडिलांनी ज्यांच्यावरून मला अक्षरओळख करून दिली ते रेडिओचे नकाशे, मीटर व हत्यारे रायभानला. त्याने ती भंगारात घालू नयेत. घातलीच तर मी काय करणार.

परभणीचे वाद्यांचे दुकानदार व्यंकटराव यांनी आमची एक डबी उघडून तसल्याच बनवल्या, आणि पोरीने केलेली म्हटल्यावर कोण घेईल, असे चारचौघांत म्हणाले. मागच्या मृत्युपत्रात त्यांना चोर लिहिले होते. डबी त्यांनी विकत घेतली होती, म्हणून तो शब्द काढते. दुसरे काही काढत नाही.

काळी डबी भुजंगला. ती हल्ली मध्येच बंद पडते. आतली तार सुटत आली आहे. जोडायची तर उघडावी लागेल, आणि सोल्डरच्या उष्णतेने आतला वाळलेला थर राहील की जळेल, मला सांगता येत नाही. न जोडावी तर ती कायमची मुकी होईल. औरंगाबादच्या डॉक्टरांनी मला हृदयाची झडप बदलायला बोलावले आहे, आणि माझ्यामागे हे काम येणारे घरात कोणी नाही. तार जोडू की नको, भुजंगला विचारले. तो म्हणाला, "तू माघारी ये, मग बघू." माघारी येईन, हे मला लिहून देता येत नाही.

म्हणून वाजती असो वा मुकी, असेल तशी ती त्याची. दोष द्यायचा तर मला द्यावा, आईला देऊ नये.

हे वाचून पाहून सही केली.
कडूबाई आश्रुबा गडदे

समक्ष सह्या: सिताराम येडबा काळे, कमलबाई दत्तराव देशमुख
मुक्काम झरी, ता. ३ फेब्रुवारी १९८९

सहीनंतर जोडलेले, साक्षीदारांना वाचून दाखवले: ऊन लागले की हे ट्रान्झिस्टर ढिले पडतात, म्हणून तार जोडायला काळी डबी मी सकाळच्या गारव्यात उघडेन, रविवारी, ता. ५ फेब्रुवारी १९८९ रोजी.