मी न घेतलेली भाकर

प्रिय बारके,

तुझी सगळी पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, कारण लिहायला बसले की मनात काहीच येत नाही. राग यावा, तर तोही धड येत नाही. तुझे भाऊजी गेले, गाडी तू चालवत होतीस, वळणावर तुझा अंदाज चुकला. हे मी मनाशी म्हणते आणि कुणा तिऱ्हाइताची बातमी ऐकल्यासारखी पुन्हा पीठ मळायला लागते. तुझा पाय अजून दुखतो असं आई सांगते. मी ऐकून घेते.

बेकरी चालू आहे. भट्टी पेटवते, साचे भरते, पाव काढते. हे असते तर पाव काढताना काहीतरी बेसूर गुणगुणले असते आणि मी ओरडले असते. आता तिथे शांतता आहे, आणि मला तिचं सुख नाही की दुःख नाही. शेजारचा शिंपी रोज येऊन विचारतो, वहिनी, बऱ्या आहात ना? मी म्हणते, बरी आहे. नुसतं विचारून जाणं बरं दिसत नाही म्हणून तो बिचारा दरवेळी पाव घेतो. माझ्या काळजीपायी त्याचं पोट सुटलंय.

चर्चमधल्या प्रभुभोजनाची भाकर आपल्या मंडळीत घरोघर पाळीने करतात, ते तुला ठाऊकच आहे. माझी पाळी आली तेव्हा मी केली. पण हे गेल्यापासून मी ती घेत नाही. भावाबहिणीशी बिनसलेलं असेल तर त्या मेजापाशी यायचं नाही, आधी उठून त्याच्याकडे जायचं, हे आपण दोघींनी लहानपणी शेजारी बसून पाठ केलंय. घ्यायची नाही म्हणून मी ती चाखूनही पाहिली नाही, आणि मीठ घालायचंच राहिलं. सगळ्या मंडळीने ती अळणी भाकर गंभीर चेहऱ्याने गिळली. पाळकांच्या बायकोने तर छान झाली म्हणून सांगितलं. पेटी वाजवणारे म्हातारबुवा तेवढे म्हणाले, पोरी, तुझ्या हाताची चव कुठे गेली? मला बरं वाटलं. निदान एक जण खरं बोलला.

पाळक नवे आहेत, वयाने कोवळे. परवा घरी आले. म्हणाले, ताई, नियमाचं एवढं ओझं घेऊ नका, आपण कृपेची माणसं. दुःखात माणसाला सूट असते. मी चहा ठेवला. सूट घेऊन मी करू काय? नियमशास्त्राने माणूस चांगला होत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. भट्टीवरचा उष्णता दाखवणारा काटाही भट्टी तापवत नाही. पण भट्टी थंड आहे हे तोच सांगतो, नाहीतर मी कच्चे पाव विकत बसले असते. लोक म्हणतात, तू धीराची, बहिणीला एका शब्दाने बोलली नाहीस, मनाने मोठी आहेस. तो नियम तेवढा म्हणतो, बाई, तू माफ केलेलं नाहीस. हे मी त्यांना सांगेपर्यंत त्यांचा चहा निवून गेला.

या रविवारी पुन्हा प्रभुभोजन आहे. काल भांडी घासताना तो नियम मनात म्हणून पाहिला. बारके, मन निवळलं की जा, असं त्यात कुठेच नाही. चूक कुणाची तेही विचारलेलं नाही. ऊठ आणि जा, एवढंच आहे. मी मात्र इतके महिने माया परत यायची वाट बघत बसले. ती येत नाही. ज्यांना ती आपसूक येते त्यांना नियम लागतच नसेल. तो माझ्यासारखीसाठी असावा. म्हणून हे पत्र. शनिवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येते आहे. माफ केलं असं म्हणणार नाही, कारण केलेलं नाही, आणि खोटं बोलू नये हीसुद्धा आज्ञाच आहे. तू रडलीस तर मला बहुतेक रडू येणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. मी नुसती तुझ्यासमोर बसेन. तू दार तेवढं उघड.

तुझीच,
ताई