चौथा गडी

चिऊच्या आईस,

मी ठीक आहे. जेवण वेळेवर मिळतं, काळजी करू नकोस.

आम्हाला नवा रणगाडा मिळालाय. यात तोफेत गोळा यंत्रच भरतं, म्हणून चौथा गडी काढून टाकला. आज चिखलात चाकांवरचा लोखंडी पट्टा निखळला. यंत्र काही खाली उतरून हात लावत नाही! तो चढवताना आम्हा तिघांच्या नाकी नऊ आले. चालक म्हणाला, "चौथा काय नुसते गोळेच भरायचा होय?"

तेव्हा मला बाबांची खाट आठवली. त्यांना उठवून बसवताना एक बाजू तू धरायचीस, एक मी.

तूही दर पत्रात "मी ठीक आहे" असंच लिहितेस. खरं सांग, आता माझी बाजू कोण धरतं?

चिऊला पापा.

तुझाच,
तेलकट हातांचा