रविवारचे सुतारकाम आणि माझ्यामागची व्यवस्था

मी, निवृत्त परिचारिका, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहिते आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. मुलीचा आहे, पण तो वेगळ्या गोष्टीसाठी. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. आयुष्यभर मी लोकांना ऑपरेशनच्या खोलीकडे ढकलत नेले आणि "काही होत नाही" असे सांगितले, त्यामुळे त्या वाक्यात किती दम असतो ते मला ठाऊक आहे. म्हणून हे आधीच लिहून टाकते. एका जागी बसवत नाही, मध्येच उठून फेऱ्या मारते आहे. अक्षर बदललेले दिसले तरी हात माझाच समजावा.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे हे घर माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. ते घेतले तिच्याच आग्रहावरून. आमच्याजवळ राहायला ये, म्हणून तिने आणि जावयांनी मला या शहरात आणले आणि वर्ष उलटायच्या आत जावयांची बदली होऊन दोघे निघून गेले. मी उरले. यात कोणाचा दोष नाही असे मी तिला फोनवर सांगत आले. इथे खरे लिहिते: तेव्हा मला फार राग आला होता. आता नाही. घर विकायचे असेल तर खुशाल विकावे, माझा जीव भिंतींत अडकलेला नाही.

कलम २. बँकेतली ठेवही तिलाच. आधी दवाखान्याचे बिल भागवावे.

कलम ३. माझ्या वडिलांची हत्यारांची पेटी; तिच्यातल्या हत्यारांची वाटणी पुढच्या कलमांत आहे. वडील सुतार होते. मुलीच्या जातीने नुसते बघावे, हात लावू नये, असा त्यांचा नियम. ते गेल्यावर घर आणि दुकान भावाने ठेवले आणि मला म्हणाला, "तुला फार हौस होती ना? मग ही पेटी घेऊन जा." मी नेली. नोकरीतल्या प्रत्येक बदलीबरोबर ती एका क्वार्टरमधून दुसऱ्यात गेली, पण उघडली कधीच नाही. भावाला मी काही ठेवत नाही. माझ्या मुलीने मात्र त्याच्याशी बोलणे सुरू करावे. तिचा मामा आहे तो, भांडण माझे होते.

पेटी उघडली ती इथे. मुलगी गेल्यावर या इमारतीत मला ओळखणारे कोणी नव्हते. लिफ्टमध्ये माणसे मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभी राहत. एकदा तापाने आठवडाभर पडून होते, तेव्हा बेल वाजवली ती फक्त दुसऱ्याचे पार्सल घेऊन आलेल्या माणसाने. बरी झाल्यावर घरात नुसत्या येरझाऱ्या सुरू झाल्या. मग एके दिवशी लिफ्टमध्ये कागद चिकटवला: ज्यांना सुतारकाम येत नाही त्यांच्यासाठी सुतारकाम, दर रविवारी सकाळी, तळघरातल्या रिकाम्या खोलीत. येत तर मलाही नव्हते. पहिल्या रविवारी कोणी आले नाही. मी एकटीच एक फळी कापत बसले आणि तीही वाकडी कापली.

कलम ४. मोठा रंधा तक्रारदारांना द्यावा. हे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त कारकून. दुसऱ्या रविवारी आवाजाची तक्रार घेऊन आले. दारात उभे राहून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, ही करवत आहे की छत्री? धरलीय कशी?" मग बाह्या दुमडून आत आले. त्यांनाही जमेना. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून एक फळी सरळ कापली. पुढच्या रविवारी ते आपली खुर्ची घेऊन आले. मागोमाग दातांची डॉक्टर आली, तिच्या ओळखीने बसचालक आला, मग खोली पुरेना.

कलम ५. कामाचा बाक बसचालकाला. त्याच्या दणक्यांखाली टिकेल असा तो एकच आहे.

कलम ६. सगळ्या पटाश्या दातांच्या डॉक्टरला. तिला एक गोष्ट मी कधी सांगितलेली नाही, ती इथे लिहिते. मागच्या वर्षी मुलीने मला कायमचे तिच्याकडे नेले. तिथे सगळे होते. जावई चहासुद्धा हातात आणून देत. पण मला दर रविवारी सकाळी घरात कोंडल्यासारखे होई. शेवटी बॅग भरली आणि परत आले. तळघरात उतरले तर काम जोरात चालू, माझ्या स्टुलावर भलतेच कोणी बसलेले. मला वाटले होते, माझ्यावाचून सगळे बंद पडले असेल. तोंड पाडून बसले, तेव्हा डॉक्टर जवळ येऊन म्हणाली, "काकू, तुमच्यासाठी थांबलो असतो तर हे नुसतं तुमचं राहिलं असतं." त्या रात्री रागाने मला झोप लागली नाही. पोरी, तुझे खरे होते.

कलम ७. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. झडप नवी असेल, विद्यार्थ्यांना दाखवायला बरी.

कलम ८. शिडी वॉचमनला, शिवणयंत्र शेजारच्या शिक्षिकेला, कुंड्या तिच्या सासूबाईंना. समोरच्या काकांना रेडिओ; ते मागायचे नाहीत, पण त्यांची नजर आहे त्यावर.

कलम ९. सोसायटीच्या चेअरमनना काहीही नाही. आमच्या खोलीत स्कूटर लावायच्या म्हणून त्यांनी सभेत आवाजाचे कारण पुढे केले होते. तेव्हा तक्रारदार उठले आणि शांतपणे म्हणाले, "आवाजाची पहिली तक्रार माझी. ती मी मागे घेतो." खोली राहिली. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, तो माझ्याबरोबर जाऊ द्यावा.

आता सह्या. वकिलांनी बजावले आहे की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. मी कागद घेऊन निघाले. या दाराशी थांबले, याला शिडी. त्या दाराशी गेले, तिला यंत्र. जिने चढून उतरून दम लागला, हृदयाच्या डॉक्टरांनी मनाई केलेली असताना. शेवटी चेअरमनकडे गेले आणि सांगितले, तुम्हाला काहीच ठेवलेले नाही, तेव्हा सही तुम्हीच करा. त्यांनी केली. वर विचारले, "खरंच काहीच नाही?"

दुसरी सही पाचव्या मजल्यावर गेल्या शनिवारी राहायला आलेल्या भाडेकरू बाईंची. त्यांची खोकी अजून उघडायची आहेत. मी इथे कोणालाच ओळखत नाही, असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, म्हणूनच आले. सही करून झाल्यावर त्यांनी विचारले, "खाली रविवारी ठोकाठोकी कसली चालते?"

मी सांगितले. उद्या येते म्हणाल्या. म्हणजे यात पुढे काही बदल करायची वेळ आली, तर साक्षीदार नवा शोधावा लागणार.

सही: निवृत्त परिचारिका, तिसरा मजला
साक्षीदार १: चेअरमन, दुसरा मजला
साक्षीदार २: भाडेकरू, पाचवा मजला
ठिकाण: राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार, संध्याकाळ