खांबाचं काम आपल्यात नाही

मास्तर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसलोय. उलट उत्तर येणार नाही याची खात्री आहे, म्हणून धीर झाला.

गांधीबागेतली कापडाच्या दुकानावरची ती खोली. खाली ठोकवाले थान उलगडत ओरडताहेत, आणि वर तुम्ही आम्हाला घरातली वायरिंग, पंखा, मोटार खोलून पुन्हा बांधणं शिकवताय. माझे कान तेव्हापासूनच तिखट. मोटार नुसती सुरू केली की तिचं काय बिघडलंय ते मी डोळे मिटून सांगायचो, आणि तुम्ही खूश होऊन म्हणायचात, "याले डोळे काहून दिले देवानं? कानावरच चालते हा!" त्याच कानांना पहिल्या आठवड्यात कळलं की तुमचे आवाज दोन आहेत. आमच्यासाठीचा कोरडा, नेमका: "मीटरपासून घरात, ते तुमचं. मीटरच्या बाहेर सरकारचं. खांबाचं काम आपल्यात नाही." दुसरा बापांसाठी. एखादा विचारायचा, "मास्तर, कोर्स झाल्यावर पोराले काय काय येईन?" तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवायचात. "काय येणार नाही ते विचारा गा!" बाप हसायचा, आणि ते विचारायचं राहून जायचं.

शेवटच्या दिवशी तुम्ही बापांना बोलवायचात. पोराला टिळा लावून, नारळ देऊन, नवी पक्कड बापाच्या हातानं पोराच्या हातात द्यायचात. माझ्या बाकावरच्या दोस्ताचे वडील त्या दिवशी गिरणीतून सुटी घेऊन आले होते, धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर, आणि दोस्त त्या घरातला पहिला मॅट्रिक. शिक्षणावर त्या माणसाचा एवढा विश्वास, की पक्कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली. "आता सारं येते ना याले?" त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "सारं." दोस्तानं मान खाली घातली. तेवढ्या लोकांत बापाला दुरुस्त करणारा पोरगा मी तरी पाहिला नाही.

पुढं त्यांच्या वस्तीत लग्न होतं. दिवेलागणीला खांबावरची तार ठिणगी टाकून सैल झाली आणि मांडव अंधारला. पलीकडच्या गल्लीत दिवे होते, म्हणजे तारेत करंट होता. सरकारी माणूस सकाळशिवाय येणार नव्हता. कोणीतरी टोमणा मारला, "काय गा वायरमन, पक्कड घेऊन नुसताच फिरतं काय?" दोस्त मला हळूच म्हणाला, "मले खांबाचं येत नाही ना बे."

"मंग सांग ना तसं."

"बाबा उभे हायेत तिथं."

बाबा तिथं उभे होते आणि सगळ्यांना सांगत होते, "चढते, चढते. कोर्स पास आहे तो." तो चढला. खाली उतर म्हणून मी ओरडलो, पण बॅन्ड वाजत होता. आधी पक्कड पडल्याचा आवाज आला. मग दुसरा. तो आवाज कशाचा होता हे मी आजवर कोणाला बोलून दाखवलं नाही.

तेरवी वगैरे त्यांच्यात नव्हती. काही दिवसांनी, मी तुमच्याकडे बसलो असताना, दोस्ताचे वडील क्लासला आले आणि दारातच उभे राहिले. तुम्ही म्हणालात, "मी बजावून सांगितलं होतं पोरांना. विचारा याला." माझ्याकडे बोट. ते माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. "पोरांले सांगतलं. मले काहून नाही सांगतलं, मास्तर? मी तं साऱ्या वस्तीले सांगून बसलो होतो."

तुम्ही पाणी मागवलंत. ते न पिता गेले.

पुढच्या बॅचपासून तुम्ही पक्कड देणं बंद केलंत. बापांशी बोलणं मात्र तेच, तोच खांद्यावर हात. याचाच मला राग आहे. तुम्ही लबाड नव्हतात. फी बुडवणाऱ्यालाही शिकवायचात. गरीब माणसाचा उतरलेला चेहरा तुम्हाला बघवत नव्हता, एवढंच. पण त्या एवढ्याशा दयेनं एक घर बसलं.

आता मनीषनगरकडे माझा स्वतःचा क्लास आहे. बरा चालतो, लोक मला गप्पिष्ट म्हणतात. पण नाव घालण्याआधी आईबापाला आणि पोराला समोरासमोर बसवतो, काय शिकवणार आणि काय नाही ते सांगतो, आणि मग पोराच्या तोंडून त्यांना ऐकवायला लावतो: "बाबा, मले हे येईन, हे नाही येणार." चहा पाजतो, हसवतो, पण हे झाल्याशिवाय उठू देत नाही. काही बाप तिथूनच उठून दुसऱ्या क्लासला जातात.

परवा एक बाई आली, नवरा नसलेली. पोरानं तिला सगळं नीट सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि मला विचारलं, "मंग याचं भलं होईन ना जी?"

मी म्हणालो, "ते मला सांगता यायचं नाही, ताई." तिचा चेहरा उतरला तो मी पाहिला. तुम्ही असतात तर "होईन, होईन" म्हणाला असतात, आणि ती हसत घरी गेली असती. भांडायला बसलो खरा, मास्तर, पण त्या घटकेला मला तुमचा हेवा वाटला.